बॉनेट गरम असेल तर तिथूनच परत फिरा

सेकंड हँड डिझेल घेणाऱ्यांनो, आधी आकडे ऐका. गाडीचे ४,३५,००० मोजले, वर टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) आणि त्यासोबतच्या कामाचे ६३,८०० भरले. विकणारा म्हणतो, "मशीन आहे साहेब, कधीही जाऊ शकतं." कधीही म्हणजे नेमकं पैसे पोचल्यावर, खंबाटकीच्या चढाला. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी ओढेना, भरलेले ट्रक पुढे जायला लागले आणि मागे निळ्या धुराचा लोट.

डीलर पुण्याबाहेर, हायवेला. वेळ ठरवूनच गेलो होतो. गाडी धुऊन-पुसून उभी होती. बॉनेटवर हात ठेवला तर चटका. "आत्ताच वॉशिंगवरून आणली," म्हणाला. वॉशिंग सेंटर समोरच, रस्त्यापलीकडे दिसत होतं! तेवढ्या अंतरात डिझेल इंजिन तापतं होय? हे आठवलं की आजही डोकं फिरतं. टर्बोचं सील गेलं असेल तर रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना धूर पकडला जाऊ शकतो. तो त्याने मी पोचायच्या आधीच काढून टाकला होता.

आता म्हणाल, तुम्ही काय बघत होतात? अहो, मी एकटा गेलो नव्हतो. मेव्हणा सोबत होता, त्याची स्वतःची डिझेल गाडी आहे. त्यानेच डिपस्टिक काढून "ऑइल बघा, मधासारखं" म्हणून शाबासकी दिली. डिझेलचं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं. मधासारखं आहे म्हणजे काल-परवा बदललंय, मग बिल मागा. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, तीही ऑइलच्या पातळ थरावर. आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं नसेल तर शेवटी घातलेला नवा डबा काय कामाचा?

टेस्ट ड्राइव्हला डीलरने बसल्या बसल्या एसी चारवर केला आणि गाणी लावली. ती आधी बंद करा. टर्बो खराब असेल तर येणारा शिट्टी किंवा सायरनसारखा आवाज ऐकायचा असतो. आणि ट्रॅफिकमधून नाही, चढावर न्या.

घाटातल्या प्रकारानंतर आमच्या मिस्त्रीने इंटरकूलरचा (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा भाग) पाइप काढला. थोडा ओलसरपणा चालतो, इथे ऑइल धारेने पडलं. टर्बोचं चाक बोटाने हलवलं तर आत-बाहेर सरकत होतं, पाती घासून कडा वाकलेल्या. हे बघायला त्याला अर्धा तासही लागला नाही. दीड-दोन हजार देऊन मिस्त्री सोबत न्या. नुसत्या स्कॅनरवर जाऊ नका, त्यात दिसणारे बिघाडाचे कोड आदल्या दिवशी पुसता येतात.

पोलीस ठाण्यात गेलो. "हा दिवाणी मामला आहे." आरटीओत गेलो. "आम्ही फक्त नाव चढवतो." १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, मग याच्याकडे आहे का ते तरी सांगा? "लेखी अर्ज द्या." दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. परत गेलो तर साहेब मीटिंगला. ज्यांनी परवाना द्यायचा त्यांनाच दुकान कुणाचं ते माहीत नाही, आणि मी मात्र टोकन घेऊन बाकावर!

आता ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. पण डिलिव्हरी नोटवर बारीक अक्षरात "जशी आहे तशी" छापलंय आणि खाली माझी सही. तुम्ही ती ओळ खोडायला लावा, किंवा इंजिन-टर्बोची हमी तिथेच हाताने लिहून घ्या.

परवा एका मित्राला गिऱ्हाईक म्हणून त्या डीलरला फोन करायला लावला. "मालक, कधीही या, येण्याआधी फक्त एक रिंग द्या."