बटण कधी चालू, कधी बंद: डब्ल्यूपीएफमधलं कमांड बाइंडिंग, काही महिन्यांच्या वापरानंतर

वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बटणं फार नसतात. भरलेल्या गाडीचं वजन घ्या, रिकाम्या गाडीचं घ्या, पावती छापा, नोंद रद्द करा, संपलं. डोकं खातो तो वेगळाच प्रश्न: यातलं कुठलं बटण कुठल्या क्षणी दाबता यावं? काटा हलत असताना वजन नोंदता कामा नये, गाडी क्रमांक कोरा असेल तर नको, दोन्ही वजनं झाल्याशिवाय पावती नको. विनफॉर्म्सवरच्या (विंडोजचे पडदे बनवायचं मायक्रोसॉफ्टचं जुनं साधन) जुन्या आवृत्तीत हे नियम क्लिकच्या हँडलरमध्ये, टायमरमध्ये, टेक्स्टबॉक्सच्या इव्हेंटमध्ये असे चहूकडे विखुरलेले होते. नवी आवृत्ती आम्ही डब्ल्यूपीएफवर (त्याच कामाचं मायक्रोसॉफ्टचं नंतरचं साधन), कम्युनिटी टूलकिटचं एमव्हीव्हीएम पॅकेज (पडदा आणि त्यामागचे नियम वेगळे ठेवायला मदत करणारा तयार कोड) घेऊन लिहिली. ती आता बरेच महिने गिऱ्हाइकांकडे रोज चालते आहे.

डब्ल्यूपीएफ आलं २००६ साली, आणि आयकमांड हा इंटरफेस, म्हणजे 'कमांड' कशी असावी याचा साचा, तेव्हापासूनच त्यात आहे. आत मोजून तीन गोष्टी: काम करणारी एक्झिक्यूट, 'आत्ता करता येईल का' हे सांगणारी कॅनएक्झिक्यूट, आणि 'उत्तर बदललंय, पुन्हा विचारा' असं कळवणारा कॅनएक्झिक्यूटचेंज्ड हा इव्हेंट. बटण, मेन्यू आणि कीबोर्ड शॉर्टकट तिन्ही एकाच कमांडला बांधायचे. कॅनएक्झिक्यूट 'नाही' म्हणाली की बटण करडं होतं, मेन्यूतली ओळ करडी होते, शॉर्टकटही चालत नाही. डेल्फी या जुन्या प्रोग्रॅमिंग साधनावाल्यांना यात नवल वाटणार नाही. त्यांच्याकडे अशीच सोय देणारी अ‍ॅक्शन लिस्ट १९९८ च्या डेल्फी ४ पासून आहे.

लोक कमांडची स्तुती करतात ती 'कोड-बिहाइंड रिकामं राहतं' म्हणून (कोड-बिहाइंड म्हणजे पडद्याच्या फाइलला जोडलेला कोड). मला त्याचं फारसं कौतुक नाही. कोड-बिहाइंडमध्ये दोन ओळी असल्या म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. खरी कमाई कॅनएक्झिक्यूटची आहे. 'वजन नोंदता येईल का' याचं उत्तर आता एकाच मेथडमध्ये आहे. ऑपरेटरचा फोन आला, 'बटण दाबता येत नाही', की एकच जागा उघडून बघायची.

पण हा प्रश्न पुन्हा विचारायचा कुणी आणि कधी, इथे खरी गोम आहे. जॉश स्मिथ यांचा फेब्रुवारी २००९ चा एमएसडीएन मॅगझिनमधला लेख गाजला, आणि त्यातला रिलेकमांड हा छोटासा क्लास पुढे असंख्य प्रोजेक्टांत जसाच्या तसा उतरवला गेला. तो डब्ल्यूपीएफच्या कमांडमॅनेजरच्या रिक्वेरीसजेस्टेड या इव्हेंटवर विसंबतो. हा इव्हेंट येतो तो माणसाच्या हालचालीवर: माउसचं बटण सुटलं, कीबोर्डची कळ सुटली, फोकस बदलला. साध्या फॉर्मला हे पुरतं. आमच्याकडे वजन येतं सीरियल पोर्टवरून, माणसाने काहीही न करता. काटा स्थिर होतो, पडद्यावर आकडा येतो, आणि बटण मात्र करडंच. कुठेतरी क्लिक केलं की जागं होतं. सुरुवातीच्या प्रयोगात हाच क्लास घेतला होता, आणि पहिल्याच चाचणीत हे दिसलं.

टूलकिटची रिलेकमांड उलट वागते. ती स्वतःहून काहीच विचारत नाही. ज्या प्रॉपर्टीवर उत्तर अवलंबून आहे तिच्यावर नोटिफायकॅनएक्झिक्यूटचेंज्डफॉर हे लांबलचक अ‍ॅट्रिब्यूट लावून कमांडचं नाव द्यायचं. प्रॉपर्टी बदलली की कमांड कळवते, एरवी गप्प. एखादी प्रॉपर्टी सुटली तर बटण अडकून बसतं, हे खरं. तरी मला हीच पद्धत बरी वाटते, कारण कुठलं बटण कशावर अवलंबून आहे ते कोडमध्ये वाचता येतं.

सीरियल पोर्टवाल्यांनी पुढचं नीट वाचावं. साध्या प्रॉपर्टीचा बदल दुसऱ्या थ्रेडवरून (समांतर चालणाऱ्या कामावरून) आला तर डब्ल्यूपीएफचं बाइंडिंग तो स्वतःच पडदा सांभाळणाऱ्या यूआय थ्रेडवर आणून घेतं. त्यामुळे आकडा पडद्यावर व्यवस्थित बदलतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. कॅनएक्झिक्यूटचेंज्डला मात्र ही सवलत नाही. पोर्टचा डेटा येतो वेगळ्या थ्रेडवर, तिथून बटणाला खबर गेली की 'हा ऑब्जेक्ट दुसऱ्या थ्रेडचा आहे' म्हणून एक्सेप्शन. उपाय सोपा: पोर्टवरून आलेलं वजन आधी डिस्पॅचरकडे, म्हणजे यूआय थ्रेडवर काम लावणाऱ्याकडे, द्यायचं आणि प्रॉपर्टीला हात तिथेच लावायचा. पण हा फरक माहीत नसेल तर संध्याकाळ जाते.

सोर्स जनरेटर, म्हणजे मेथडवर रिलेकमांड हे अ‍ॅट्रिब्यूट लावलं की कमांडची प्रॉपर्टी आपोआप तयार, ही सोय टूलकिटच्या आवृत्ती ८ पासून ठळकपणे आली. सेव्ह नावाच्या मेथडची सेव्हकमांड होते, सेव्हअसिंक असली तरी सेव्हकमांडच. टायपिंग फार वाचतं. किंमत मोजावी लागते ती नाव बदलताना. मेथडचं नाव बदललं की कमांडचंही बदलतं, पण झॅमलमधलं (पडद्याची मांडणी लिहिलेल्या फाइलमधलं) जुनंच राहतं. कंपायलर गप्प, प्रोग्रॅम सुरू होतो, आणि बटण करडं न होता छान चालू दिसतं. दाबलं की काहीच होत नाही, कारण ज्या बटणाला कमांडच सापडली नाही ते डिसेबलही होत नाही. त्रुटीची ओळ फक्त डीबग करताना व्हिज्युअल स्टुडिओत दिसते. आमच्याकडे आता नाव बदललं की झॅमलमध्ये शोध घेतल्याशिवाय कोड आत जात नाही.

असिंक कमांड, म्हणजे पडदा न अडवता मागे काम करणारी, मला सर्वांत उपयोगी पडली. ऑपरेटर घाईत असतो, मागे गाड्यांची रांग असते, पावतीचं बटण तो दोनदा दाबतो. असिंक कमांड एक काम चालू असताना दुसरं सुरू होऊ देत नाही, बटण तेवढ्यापुरतं बंद ठेवते. इझरनिंग ही प्रॉपर्टी बांधली की 'छपाई चालू' असंही दाखवता येतं. अट एवढीच की आतलं काम खरोखर असिंक हवं. यूआय थ्रेडच अडवून ठेवला तर दुसरं क्लिक रांगेत थांबतं आणि नंतर दुसरी पावती निघतेच. शिवाय मेथडमधून सुटलेलं एक्सेप्शन मूळ सेटिंगमध्ये थेट प्रोग्रॅम पाडतं, तेव्हा प्रिंटर बंद असण्याची शक्यता आतच हाताळा.

शॉर्टकटचा एक सापळा आहे. टेक्स्टबॉक्समधला मजकूर एरवी फोकस हलल्यावरच व्ह्यूमॉडेलकडे, म्हणजे पडद्यामागची माहिती आणि कमांड ठेवणाऱ्या क्लासकडे, जातो. गाडी क्रमांक टाइप करून लगेच कंट्रोल-एस दाबलं तर फोकस हलतच नाही, आणि जुनाच क्रमांक जतन होतो. टूलबारवरच्या बटणाचंही तेच, कारण टूलबारचा फोकस स्कोप वेगळा असतो. अशा चौकटींना अपडेटसोर्सट्रिगर प्रॉपर्टीचेंज्ड करून टाका, म्हणजे प्रत्येक अक्षरागणिक मजकूर पोचतो.

उजव्या क्लिकचा मेन्यू वेगळ्या पॉपअपमध्ये उघडतो, म्हणून वरच्या ग्रिडची कमांड त्याला नेहमीच्या पद्धतीने सापडत नाही, प्लेसमेंटटार्गेटमधून, म्हणजे ज्या घटकावर मेन्यू उघडला त्याच्यामार्फत, जावं लागतं. कट-कॉपी-पेस्टसाठी स्वतःच्या कमांड लिहू नका, तयार अ‍ॅप्लिकेशनकमांड्स टेक्स्टबॉक्सला आधीपासून कळतात. आणि करड्या बटणावर टूलटिप दिसत नाही, ती शोऑनडिसेबल्डने चालू करा. 'काटा स्थिर नाही' एवढं तिथे लिहिल्यावर आमच्याकडे येणारे फोन बरेच कमी झाले.

पॅकेज एमआयटी परवान्याचं, फुकट आहे. नवं डब्ल्यूपीएफ काम असेल तर दुसरं काही शोधू नका. जुनं विनफॉर्म्स चालतंय, फॉर्म पाच-सहाच आहेत, तर केवळ कमांडसाठी ते मोडायची गरज नाही: डॉटनेट ८ मध्ये विनफॉर्म्सच्या बटणालाही कमांड प्रॉपर्टी आहे, आणि हेच व्ह्यूमॉडेल तिथे बांधता येतं.