उड्या मोजल्या, ब्रेक मोजायचे राहिले: बास्केटबॉलच्या ‘लोड मॉनिटरिंग’ सेवेचा तीन महिन्यांचा अनुभव

पुण्यातील एका क्रीडा-फिजिओथेरपी केंद्राची ‘लोड मॉनिटरिंग’, म्हणजे सराव-सामन्यांचा शरीरावर पडणारा भार मोजण्याची सेवा मी सप्टेंबर ते नोव्हेंबर असे तीन महिने घरातील दोन खेळाडूंसाठी घेतली. माझी लेक सोळा वर्षांची आहे आणि पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली रचणाऱ्या जागेवर खेळते. पुतण्या सतरा वर्षांचा, सहा फूट तीन इंच उंचीचा, त्यामुळे अर्थातच सेंटर, म्हणजे टोपलीजवळ खेळणारा उंच खेळाडू. दोघेही एकाच क्लबच्या सिमेंटच्या कोर्टवर सराव करतात. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या तक्रारी एका केंद्राच्या नसून या पद्धतीच्याच आहेत, असे माझे मत झाले आहे. प्रत्येकी नऊ हजार रुपयांत एक प्राथमिक तपासणी, कमरेला लावायचा उड्या मोजणारा सेन्सर, रोजच्या सरावाची नोंद आणि दर सोमवारी अहवाल, असे हे पॅकेज आहे.

पैसे सर्वाधिक वसूल झाले ते पहिल्या दिवशीच्या तपासणीत. फिजिओ मॅडमनी दोघांना गुडघ्याएवढ्या उंच खोक्यावरून खाली उडी मारून लगेच वर उसळायला सांगितले आणि त्याचे चित्रण अगदी संथ गतीने लावून दाखवले. पुतण्या पाय जवळजवळ ताठ ठेवून धप्पकन उतरत होता. लेक उतरताना तिचा डावा गुडघा क्षणभर आत, उजव्या गुडघ्याकडे झुकत होता आणि तिच्याच लक्षात आल्यावर ती म्हणाली, “बाबा, हे मला कधीच जाणवलं नाही.” गुडघा स्थिर ठेवणारा एसीएल हा आतला अस्थिबंध तुटण्याचे बहुतेक प्रसंग कोणाचा धक्का लागून नव्हे, तर असे उतरताना किंवा धावता-धावता एकदम थांबून वळताना घडतात आणि मुलींमध्ये हे प्रमाण मुलांच्या काही पट असते. त्यावर दिलेले व्यायामही साधे होते: एका पायावर उतरून तोल सावरणे, आरशासमोर अर्धी बैठक, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणे. खर्च शून्य आणि वेळ पंधरा मिनिटे.

रोजच्या नोंदीची पद्धत अशी आहे. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न येतो, ‘आजचा सराव शून्य ते दहा यांपैकी किती कठीण वाटला?’ त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचे. नव्वद मिनिटांचा सराव सात इतका कठीण वाटला, तर त्या दिवसाचा भार ६३०. अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली ही रीत इतकी सोपी आहे की तिच्यासाठी पैसे का मोजावेत असे वाटते. पण पुतण्याच्या बाबतीत तिने डोळे उघडले. तो सकाळी कॉलेजच्या संघाबरोबर, संध्याकाळी क्लबमध्ये आणि रविवारी आणखी एका हौशी संघाकडून खेळत होता. तिन्ही सरांना आपापला सराव तेवढा माहीत होता, एकूण बेरीज कोणीच केली नव्हती, अगदी आम्ही घरच्यांनीसुद्धा नाही. जिल्हा स्पर्धेच्या आठवड्यात त्याने दोन दिवसांत चार सामने खेळले आणि मधल्या सुटीत कॉलेजचा सरावही चुकवला नाही. गुडघ्याच्या वाटीखालची त्याची दुखरी शीर, जिला ‘जंपर्स नी’ म्हणतात, तिचे मूळ इथे होते. नॉर्वेतील अव्वल खेळाडूंच्या २००५ सालच्या अभ्यासात बास्केटबॉलपटूंपैकी ३२ टक्के जणांना हे दुखणे आढळले होते, म्हणजे तो काही जगावेगळा नाही.

अशी दुहेरी चाकरी मोठमोठ्यांनाही भोवते. सात फूट सहा इंची चिनी सेंटर याओ मिंग हिवाळाभर अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये ह्यूस्टनसाठी आणि उन्हाळ्यात चीनसाठी खेळत असे. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याच्या डाव्या पायाचे हाड ताणाने तडकले, तरी ऑगस्टमध्ये तो बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला. मे २००९ मध्ये त्याच पायाचे हाड पुन्हा मोडले आणि २०११ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती घेतली. पुतण्याने हे ऐकून रविवारचा संघ सोडला. आम्ही वर्षभर तेच सांगत होतो, पण ते सोडा.

आता तक्रारी. सोमवारच्या अहवालात हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा असतो आणि तो एका गुणोत्तरावरून ठरतो: या आठवड्याचा भार भागिले गेल्या चार आठवड्यांची सरासरी. उत्तर दीडच्या वर गेले की लाल. ही कल्पना काही वर्षांपूर्वी फार गाजली आणि नंतर तिच्यावर संशोधकांनीच कडक टीका केली, कारण चालू आठवडा भाजक आणि भाज्य या दोन्हींत मोजला जातो आणि दुखापतीचे भाकीत करण्याइतका भक्कम पुरावा तिच्यामागे नाही. आम्हाला त्याचा प्रत्यय दिवाळीनंतर आला. दहा दिवस फराळ आणि विश्रांती झाल्यामुळे सरासरी खाली आली होती. त्यामुळे आठवडाभर नेहमीचाच सराव केला, तरी लेकीच्या नावासमोर लाल दिवा लागला. सुटीनंतर एकदम पूर्ण जोराने खेळू नये हा इशारा योग्यच आहे, पण पाठोपाठ आलेला ‘दुखापतीचा धोका: उच्च’ हा ठाम शेरा अनाठायी होता. त्या संध्याकाळी ती सरावाला गेली, तर प्रत्येक ले-अपला, म्हणजे धावत येऊन उडी मारत टोपलीत चेंडू टाकताना, बिचकत होती.

याहून मोठी उणीव अशी की ही सेवा भार मोजते, पण खेळण्याची शैली विचारातच घेत नाही. ऑक्टोबरच्या एका आठवड्यात दोघांचा भार जवळपास सारखा निघाला आणि दोघांनाही एकच सल्ला आला: ‘उड्या वीस टक्क्यांनी कमी करा.’ सेंटरसाठी हे बरोबर आहे, कारण त्याचा दिवस रिबाऊंड (हुकलेला चेंडू पकडणे) आणि ब्लॉक (समोरच्याचा फटका अडवणे) यांत, म्हणजे गर्दीत उडी मारून गर्दीतच उतरण्यात जातो. गार्डचे शरीर झिजते ते ब्रेक लावण्याने. पूर्ण वेगात शिरायचे, बचावपटू आला की दोन पावलांत थांबायचे, दिशा बदलायची आणि पुन्हा सुटायचे. लेकीच्या त्या आठवड्यात उड्या मुळातच कमी होत्या. तिची पोटरी मात्र दगडासारखी झाली होती आणि कमरेवरच्या त्या सेन्सरला त्याचा पत्ता नव्हता.

पोटरीची ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही. एनबीएमधला केविन ड्युरँट पोटरीच्या दुखापतीने महिनाभर बाहेर होता. १० जून २०१९ रोजी अंतिम मालिकेत परतला आणि दुसऱ्याच क्वार्टरमध्ये त्याची अकिलिस शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी शीर, तुटली. एनबीएमधलाच टायरीस हॅलिबर्टन पोटरी दुखत असताना खेळत राहिला आणि २२ जून २०२५ रोजी अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात त्याचेही तेच झाले. कोबी ब्रायंटने १० एप्रिल २०१३ रोजी पोर्टलंडविरुद्ध ४८ पैकी ४८ मिनिटे खेळून ४७ गुण केले होते आणि दोनच दिवसांनी त्याची अकिलिस शीर तुटली. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. चित्रण पाहिले तर तिघेही उडीत नव्हते. मागचा पाय जमिनीवर रोवून ड्राईव्हला, म्हणजे चेंडू घेऊन टोपलीकडे, सुटण्याच्या क्षणी शीर गेली. भार तर होताच, पण तो कोणत्या हालचालीतून बाहेर पडला हे शैलीने ठरवले. मी हे मॅडमना सांगितल्यावर त्यांनी ते प्रांजळपणे मान्य केले आणि पुढच्या आठवड्यापासून लेकीला टाचा उचलण्याचे व्यायाम आणि सकाळी पोटरी किती ताठर आहे याची वेगळी नोंद सुरू करून दिली. माणूस चांगला असला की यंत्राचे उणे भरून निघते ते असे.

घोट्याबाबतचा त्यांचा सल्लाही मला पटला. लेकीचा घोटा मागच्या वर्षी मुरगळला होता. ऑस्ट्रेलियातील २००१ सालच्या मोठ्या पाहणीत, आधी घोटा दुखावलेल्यांना तो पुन्हा दुखावण्याची शक्यता जवळपास पाचपट दिसली होती. म्हणून त्यांनी महागडे बूट सुचवण्याऐवजी नाडीचा अँकल ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा, घालायला सांगितला. अमेरिकेत १,४६० शालेय खेळाडूंवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ब्रेस घालणाऱ्यांमध्ये घोट्याच्या दुखापती सुमारे एक तृतीयांशावर आल्या होत्या, मात्र झालेल्या दुखापतींची तीव्रता कमी झाली नव्हती. ब्रेससाठी बूट अर्धा नंबर मोठा लागतो, हे मात्र आम्हाला कोणी सांगितले नाही.

बाकी किरकोळ बाबी. सेन्सरचा पट्टा घामाने सरकतो आणि सरकला की उड्या कमी मोजतो. अहवाल फक्त इंग्रजीत येतो, त्यामुळे क्लबच्या सरांना मला तो मराठीत समजावून द्यावा लागला. सराव सिमेंटवर झाला की लाकडी कोर्टवर, हे नोंदवायला ॲपमध्ये जागाच नाही. आपल्याकडच्या मुलांचे अर्धेअधिक खेळणे सिमेंटवर होते, त्यामुळे ही चूक क्षम्य मानणे मला जड जाते.

पुतण्यासाठी मी पुढचे तीन महिने नोंदवले आहेत, कारण त्याचा प्रश्न खरोखरच उड्यांचा आणि बेरजेचा आहे. लेकीसाठी सेवा घेतलेली नाही. महिन्यातून एकदा फक्त तपासणी आणि चित्रण करून द्या, असे मॅडमना विचारले आणि त्यांनी सहाशे रुपयांत होकार दिला. रोजचा आकडा ती आता वहीत लिहिते. शेजारी पोटरीसाठी एक रकाना आहे आणि तिने स्वतःच आखलेला दुसरा, ‘आज किती वेळा एकदम थांबले’. तो बहुतेक वेळा अंदाजाने भरलेला असतो.