टेम्पो की पॅकर्स-मूव्हर्स?

पुण्यातल्या पुण्यात, म्हणजे सदाशिव पेठेतून कोथरूडला वगैरे घर हलवायचं असेल, तर मी टेम्पोच सांगेन. छोटा हत्ती, म्हणजे टाटाचा लहान टेम्पो, पेठेतल्या बोळात दारापर्यंत येतो. मोठा ट्रक कोपऱ्यावरच अडतो आणि तिथून सामान वाहायची मजुरी वेगळी. बांधाबांध मात्र आपली. भांडी जुन्या चादरींत गुंडाळा. पुस्तकं लहान खोक्यांतच भरा, मोठ्या खोक्याचा तळ उचलतानाच फाटतो. देव आणि कागदपत्रं स्वतःच्या हातात.

पॅकर्स-मूव्हर्स महाग पडतात. पण घरात म्हातारी माणसं असतील, पलंग-कपाटं सुटी करून पुन्हा जोडायची असतील, तर ते पैसे सार्थकी लागतात. आईचं काचेचं कपाट त्यांनीच सुखरूप नेलं. दर मात्र मजले, जोडणी सगळं धरून लेखी घ्या. आमच्याकडे ऐन वेळी जिन्याचे जादा पैसे मागितले, आईला फार मनस्ताप झाला.

फ्रिज कुणीही नेवो, उभाच न्यावा आणि पोचल्यावर काही तास बंद ठेवावा. पावसाळ्यात ताडपत्री हवीच. नव्या सोसायटीत सामान चढवायची वेळ आधीच विचारून ठेवा.