‘तुझा रेझिस्टन्स बोलतोय’ : ऑनलाइन समुपदेशनाच्या नावाखाली झालेली फसवणूक

पैसे गेल्याचा राग आता ओसरलाय, पण एक वाक्य डोक्यातून जात नाही. मी पैसे परत मागितले तेव्हा फोनवरून माझं समुपदेशन करणाऱ्या बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, “ही तू नाही बोलत, तुझा रेझिस्टन्स बोलतोय. बरं व्हायची वेळ आली की मन असंच पळ काढतं.” प्लंबरने फसवलं तर नळ गळतच राहतो, ते डोळ्यांना दिसतं. इथे तुम्हाला आलेली शंकाच तुमच्या आजाराचं लक्षण ठरते. मग तक्रार कशाची करणार आणि कोणाकडे? म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी बार्शीत राहते, शाळेत शिकवते. वडील गेल्यानंतर रात्री छातीत धडधड सुरू झाली. ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड सगळं व्यवस्थित आलं. फिजिशियननी हा चिंतेचा त्रास आहे असं सांगून एसिटालोप्रामची कमी डोसची गोळी सुरू केली आणि म्हणाले, “गोळीच्या जोडीला कोणाशी तरी नीट बोललात तर बरं.” कोणाशी, ते राहून गेलं. गावात मानसोपचाराचा दवाखाना नाही असं नाही. पण सकाळी त्या बाकावर बसलं की संध्याकाळी भगवंताच्या देवळात कोणीतरी “काय गं, बरी आहेस ना?” म्हणून विचारणारच. सोलापूरला जायचं तर शाळा बुडवा आणि घरी कारण सांगा. फोनवरून बोलावं हा विचार मला तेव्हा योग्य वाटला आणि आजही वाटतो. घोटाळा फोनमध्ये नव्हता.

रील होती ‘ओव्हरथिंकिंग थांबवा’ अशी. खालच्या लिंकवर फॉर्म. आधी नाव आणि नंबर, मग झोप किती लागते, नवऱ्याशी संबंध कसे आहेत, कधी मरावंसं वाटलं का. कोण विचारतंय हे कळायच्या आतच हे सगळं लिहून द्यायचं. ही माहिती पुढे कुठे जाते हा प्रश्न मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही खोटा नाही. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या कंपनीने ग्राहकांची अशी माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना दिली, असा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२३ मध्ये कंपनीला ७८ लाख डॉलर भरावे लागले.

मग मोफत ‘डिस्कव्हरी कॉल’ आला. बारा सेशनचं पॅकेज, किंमत २४,००० रुपये, पण आज रात्री बारापर्यंत ११,९९९. मोजकेच स्लॉट शिल्लक. शिवाय ‘कम्युनिटी सपोर्ट’चे दरमहा ७९९ रुपये, यूपीआय ऑटोपेवर. ही खोटी घाई आणि सहज न सुटणारी वर्गणी, दोन्ही केंद्र सरकारने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तेरा ‘डार्क पॅटर्न’च्या, म्हणजे ग्राहकाला ऑनलाइन गंडवणाऱ्या युक्त्यांच्या, यादीत घातली आहेत. इतर कुठल्याही दुकानात मला ते खटकलं असतं. पण सलग झोप न झालेल्या माणसाला ‘आज रात्रीपर्यंत’ हे शब्द वेगळे ऐकू येतात, आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं.

पहिले काही सेशन बरे वाटले, खोटं कशाला सांगू? कोणीतरी न टोकता ऐकत होतं. पुढे तासाचा अर्धा तास झाला, अर्ध्या तासाच्या जागी व्हॉइस नोट यायला लागल्या. मग गोळीचा विषय निघाला. “ही केमिकलं भावना दाबून ठेवतात, आजपासून बंद कर.” मी बंद केली. चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं, आणि धडधड पहिल्यापेक्षा जास्त. त्या म्हणाल्या, हा डिटॉक्स आहे. फिजिशियननी ऐकून कपाळाला हात लावला. अशी गोळी एकदम सोडली की हे होऊ शकतं. ती डॉक्टरांना विचारूनच, हळूहळू कमी करत थांबवायची असते.

त्याच सुमारास त्यांच्या पानावर एक पोस्ट आली, ‘सोलापूर जिल्ह्यातील एका शिक्षिकेचा प्रवास’. नाव बदललेलं, पण वडिलांचं जाणं, जमिनीवरून भावाशी झालेला अबोला, सगळं जसंच्या तसं. आमच्याच एका सहकारी बाईंनी ‘वाचा, छान आहे’ म्हणून ती शाळेच्या ग्रुपवर टाकली.

पुण्यातली माझी मावसबहीण एका रुग्णालयात सामाजिक कार्यकर्ती आहे. तिने एकच प्रश्न सांगितला: सीआरआर नंबर, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या अधिकृत नोंदणीचा क्रमांक, विचार. मी विचारला. उत्तरादाखल उद्यम नोंदणीचा कागद, आयएसओचं प्रमाणपत्र आणि डॉक्टरेटचा फोटो आला. उद्यम ही लघुउद्योगाची नोंदणी. आधार क्रमांक देऊन पापडाचा धंदा करणाऱ्यालाही ती फुकट मिळते. ‘भारत सरकार नोंदणीकृत’ म्हणतात ते हेच. आयएसओ संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं, बसलेल्या माणसाच्या शिक्षणाबद्दल नाही. आणि डॉक्टरेट मानद, म्हणजे हॉटेलच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळासोबत मिळते ती.

खरं काय तपासायचं ते सांगते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिॲट्रिस्ट हा आधी एमबीबीएस डॉक्टर असतो. औषध तो लिहून देऊ शकतो. त्याची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते, आणि २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार तो नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि वेबसाइटवर दाखवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीवर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल हा तिथला आजवरचा नेहमीचा मार्ग. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असते. तोच सीआरआर नंबर, आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येतो.

आता अडचणीची गोष्ट. समुपदेशकाकडे सीआरआर नसेल तर तो भोंदू, असं मुळीच नाही. एमए समुपदेशन मानसशास्त्र किंवा एमएसडब्ल्यू केलेली, उत्तम काम करणारी माणसं त्या नोंदवहीत नसतात. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये वेगळा कायदा झाला, पण गावातल्या माणसाला नाव टाकून खात्री करता येईल अशी सोय माझ्या हाती तरी लागली नाही. भामटे नेमके याच फटीत राहतात. म्हणून सरळ विचारावं: एमए कुठून, कुठल्या साली, प्रत्यक्ष काम कोणाच्या देखरेखीखाली केलं? चांगला माणूस चिडत नाही, उलट खुशाल सांगतो. ‘माइंड कोच’, ‘हीलर’, ‘एनएलपी मास्टर’ या पाट्यांना मात्र कायद्याने कसलीच अट नाही. वर गोपनीयतेचं जे बंधन २०१७ च्या कायद्यात आहे ते आरोग्य व्यावसायिकांवर आहे, कोचवर नाही.

मग ऑनलाइन नकोच का? मी सध्या ऑनलाइनच बोलते, एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टशी. फरक पहिल्या दहा मिनिटांतच कळला. आत्ता कुठे बसला आहात, शेजारी कोण आहे, तातडीच्या वेळी कोणाला फोन करू, हे त्यांनी आधी विचारलं. गोपनीयता कुठे संपते तेही सांगितलं, म्हणजे जिवाला धोका असेल तर त्या गप्प बसणार नाहीत. फी सेशनमागे, पॅकेज नाही. गोळीबद्दल म्हणाल्या, तो तुमच्या डॉक्टरांचा विषय. मी शाळा सुटल्यावर वाचनालयाच्या खोलीतून बोलते, कारण दोन खोल्यांच्या घरात सासूबाईंच्या शेजारी बसून सासूबाईंबद्दल बोलता येत नाही. ज्यांना अशी जागाच नाही, ज्यांच्या घरात मारहाण आहे, ज्यांना आवाज ऐकू येतात किंवा जीव द्यावासा वाटतोय, त्यांना फक्त पडद्यावर सोडू नका. प्रत्यक्ष घेऊन जा. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. आणि पैसे भरण्याआधी १४४१६ फिरवून बघा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासूनची. फुकट, चोवीस तास, मराठीतूनही.

पैशांचं काय झालं ते राहिलं. ऑटोपे यूपीआय ॲपमधूनच बंद होतो, समोरच्याची परवानगी लागत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पोलीस ठाण्यातही गेले. “सेशन दिलेत ना? मग फसवणूक कशी?” त्यांचंही एका अर्थी बरोबर, कारण अटींच्या तळाशी बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं की हे कोचिंग आहे, उपचार नव्हे. रीलमध्ये मात्र ‘थेरपी’. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवल्यावर हालचाल झाली. आधी ‘कुठेही काही लिहिणार नाही’ असा मजकूर सहीसाठी आला. सही केली नाही, तरी न झालेल्या सेशनचे पैसे आले.

बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज तयार करते आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. रील, अटींचं पान आणि पोस्टचे स्क्रीनशॉट जोडलेत. गोळी बंद कर म्हणणारी व्हॉइस नोटही आहे, आणि अर्जात मी पैशांच्या आधी तीच लिहिली आहे.