स्पितीच्या सहलीच्या नावाखाली फसवणूक: मालवण परिसरातल्या लोकांनी सावध राहा

मे सरत आला की मालवण-तारकर्लीतलं स्कूबा बंद होतं, बोटी वर ओढल्या जातात आणि आमच्यासारख्या पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांना वर्षातून एकदाच सवड मिळते. हाच मोका साधून ओळखीतल्या एका एजंटाने आमच्या वाडीतल्या चार कुटुंबांना हिमाचलातल्या स्पितीची सहल विकली. ‘काकी, तुमी फक्त बॅगा भरा,’ असं गोड बोलून माणशी १८,००० रुपये आगाऊ घेतले. पैसे कंपनीच्या नाही, तर भलत्याच नावाच्या खात्यावर मागवले.

त्याने दिलेला कार्यक्रम पुन्हा वाचला की संताप येतो, कारण सगळी लबाडी त्या कागदावरच होती. पहिला मुक्काम मनाली, दुसरा चंद्रताल तळ्याच्या काठावर तंबूत, तिसऱ्या दिवशी कुंझुम खिंडीतून स्पितीतलं मुख्य गाव काझा. तेही मेअखेरीस आणि ‘रस्ता उघडा असल्याची गॅरंटी’! कुंझुम साधारण ४,५५० मीटरवर आहे. हिवाळाभर ती बर्फाखाली असते आणि बर्फ हटवून रस्ता कधी खुला होईल हे दरवर्षी हवामानावर ठरतं. कधी जून उजाडतो, कधी अर्धा जूनही जातो. आधीच गॅरंटी देणारा माणूस खोटंच बोलतोय. चंद्रतालच्या अगदी काठावर तंबू ठोकायला बंदी आहे, कॅम्प तळ्यापासून काही किलोमीटर अलीकडे असतात. माणशी १,५०० रुपये ‘इनर लाइन परमिट’चे, म्हणजे सीमेलगतच्या भागात जायच्या सरकारी परवान्याचे म्हणून उकळले, ते वेगळेच. भारतीय नागरिकाला स्पितीसाठी हे परमिट लागतच नाही. शेजारच्या किन्नौर जिल्ह्यातून स्पितीत जाताना ते परदेशी पर्यटकांना काढावं लागतं.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण मला जास्त राग त्या मुक्कामांचा येतो. आमच्यात रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आत्या होत्या, लहान मुलं होती. समुद्रकाठची माणसं मनालीच्या २,००० मीटरवरून एका दिवसात ४,३०० मीटरवर चंद्रतालला नेऊन झोपवायची? ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. विरळ हवेने डोकेदुखी, उलट्या सुरू होतात आणि दुखणं फुप्फुसांवर किंवा मेंदूवर गेलं तर जीव जातो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सिमल्याहून रामपूर, कल्पा, नाको, ताबो असं मुक्काम करत काझाला जावं. वाट लांबची आहे, पण शरीराला सवय होत जाते. शिवाय ताबोचा इ.स. ९९६ मधला मठ वाटेतच बघून होतो.

बिंग फोडलं ते आमच्या वहिनीने. मुक्कामाच्या बुकिंगची व्हाउचर हातात आली तेव्हा तिने ती चारही घरांतून गोळा करून ओटीवर शेजारी शेजारी मांडली. चारही व्हाउचरवर बुकिंग नंबर एकच! खोल्या किती, जेवण धरलंय की नाही, कशाचाच पत्ता नाही. आमच्याकडे येणारे पाहुणे निघण्याआधी फोन करून खात्री करतात, तसा तिने काझाच्या होमस्टेला फोन लावला. व्हाउचरवरचा नंबर सोडून, नकाशावरून शोधलेल्या नंबरवर. तिथल्या बाईंनी वही चाळून सांगितलं की त्या तारखांना या नावाचं बुकिंग नाही आणि कुंझुम अजून बंद आहे. वहिनी फोन ठेवून एवढंच म्हणाली, ‘रस्तोच बंद आसा, तर गाडी जातली खयसून?’

त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, नंतर पोलीस ठाण्यात लेखी दिली. शेवटचा हप्ता नुकताच गेला होता, तेवढी रक्कम बँकेत गोठवली गेली. आधीची खात्यातून केव्हाच काढलेली होती. त्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथेच दावा लावता येतो आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाही.

एजंटाचा फोन आता बंद आहे. पण तळ्याकाठच्या तंबूचा तोच फोटो आणि तोच कार्यक्रम कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या ग्रुपवर दुसऱ्या नावाने फिरतोय. ज्यांनी त्याला पैसे दिलेत त्यांनी चॅट पुसू नका, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा आणि आजच १९३० लावा.