वॅक्स मेल्टला चमक द्यायची, तर कोणती आणि कुठे?

वॅक्स मेल्ट म्हणजे वात नसलेले सुगंधी मेणाचे तुकडे, बर्नरच्या खालून तापणाऱ्या वाटीत वितळवून खोलीत वास दरवळवायचे. सोया वॅक्सचे, म्हणजे सोयाबीनच्या तेलापासून केलेल्या मेणाचे, मेल्ट साच्यातून कितीही सुबक सुटले तरी दिसायला जरा फिकेच. कमळाच्या पाकळ्यांवरच्या रेषा, मोराच्या पिसाऱ्यातले डोळे साच्यात छान कोरलेले असतात, पण दुधट मेणात ते हरवून जातात. दिवाळीच्या भेटीसाठी किंवा हळदीकुंकवाच्या वाणासाठी मेल्ट करायला घेतले की थोडी चमक हवीच असं वाटतं. मग समोर तीन पर्याय येतात: हस्तकलेच्या दुकानातली नेहमीची चमकी, मायका म्हणजे अभ्रकाची पावडर, आणि ‘बायो ग्लिटर’ म्हणून विकली जाणारी सेल्युलोजची चमकी. ती मेणात मिसळायची, साच्यात आधी टाकायची की मेल्ट तयार झाल्यावर वरून लावायची, हा प्रश्न वेगळाच.

मेल्ट दोनदा बघितला जातो: एकदा डब्यात, घट्ट असताना, आणि एकदा बर्नरच्या वाटीत, वितळल्यावर. बहुतेक जणी पहिल्याच रूपाकडे बघून चमकी विकत घेतात. माझं ठाम मत आहे की निवड दुसऱ्या रूपावरून करावी. सजवण्याचा आनंद तुमचा असतो, पण वाटी पुसायचं काम ज्याला मेल्ट दिला त्याच्या वाट्याला येतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे सगळं वात नसलेल्या मेल्टपुरतंच आहे. वातीच्या मेणबत्तीत चमकी घालू नका. ती वातीशी गोळा होते, वात मेण नीट शोषत नाही आणि ज्योत भलतीकडेच भडकू शकते. मेल्टमध्ये वात नाही, ज्योत मेणाला शिवत नाही, म्हणून तिथे चमकीचा विचार करायला मोकळीक आहे.

वितळल्यावर कोण तरंगतं, कोण बुडतं

खरं तर तिन्ही बुडतात. मेणाची घनता पाण्यापेक्षा कमी, साधारण 0.9. नेहमीची चमकी पॉलिएस्टरच्या फिल्मची असते, तिची घनता 1.38 च्या आसपास. मायका तर दगडच, 2.8 च्या घरात. मग मायका सगळ्यात आधी तळाला जायला हवी. पण वाटीत नेमकं उलटं दिसतं, आणि त्याचं कारण आकारात आहे. हस्तकलेच्या दुकानातल्या बारीक चमकीचा तुकडासुद्धा साधारण 0.2 मिलिमीटरचा असतो, जाड चमकी 1 मिलिमीटरपर्यंत जाते. मायका पावडरचे कण बहुतेक 10 ते 60 मायक्रॉनचे (0.01 ते 0.06 मिलिमीटर), म्हणजे त्याहून कितीतरी लहान, आणि पापुद्र्यासारखे चपटे. इतका लहान कण खाली बसायला फार वेळ घेतो. खालून तापणारं मेण हळूहळू वर येतं, पुन्हा खाली जातं, आणि त्या फिरण्याबरोबर मायकाही फिरत राहते.

चांगल्या मायकाचा मेल्ट वितळताना एकदा जवळून बघा. कडेचं मेण आधी पारदर्शक होतं, त्यातून रेशमी पट्टे निघतात, मध्यभागी वळतात, विरतात, पुन्हा उमटतात. वाटी हलकेच हलवली की सगळी नक्षी बदलते. तासाभराने बराचसा थर तळाला जातो, पण तोवर मायकाने आपलं काम केलेलं असतं. प्लास्टिकची चमकी मात्र पहिल्या काही मिनिटांतच तळाशी जाऊन बसते आणि तिथेच राहते. वर स्वच्छ मेण, खाली चमचमणारा गाळ. ज्यांच्या बर्नरची वाटी पांढरी आहे त्यांना तो गाळ सजावट वाटत नाही, कचरा वाटतो.

नेहमीची चमकी

क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा पुण्यातल्या बोहरी आळीत ती स्वस्तात मिळते, रंग हवे तेवढे, आणि लखलखाट तर इतर कशालाच जमणार नाही असा. पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर अॅल्युमिनियमचा थर, त्यावर रंग, आणि मग षटकोनी तुकडे. पॉलिएस्टर 250 अंशांच्या पुढे वितळतं, बर्नरमधलं मेण त्याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे ती वितळून वास येईल ही भीती चांगल्या चमकीबाबत अनाठायी आहे. फार स्वस्त चमकी मात्र पीव्हीसीची असू शकते. ती बरीच आधी मऊ पडते. पुडीवर कशाची आहे ते लिहिलेलं नसेल तर मी ती मेल्टसाठी घेणार नाही.

दुसरी अडचण रंगाची. फ्रेग्रन्स ऑइल हे नुसतं सुवासिक तेल नसतं, ते अनेक रंग विरघळवतं. हस्तकलेच्या चमकीवरचा रंग त्यात उतरतो, लाल चमकीभोवती गुलाबी डाग पडतात आणि चमकी स्वतः चंदेरी होऊन बसते. तपासणं सोपं आहे: काचेच्या छोट्या वाटीत थोडं तेल, त्यात चिमूटभर चमकी, वर झाकण, आणि एक दिवस थांबा. तेल रंगलं तर ती पुडी मुलांच्या चित्रकलेसाठी ठेवा. रंग न सोडणारी, सौंदर्यप्रसाधनांच्या दर्जाची चमकीही मिळते, पण मग ती स्वस्त राहत नाही आणि या पर्यायाचा मोठा फायदाच निघून जातो.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ती शेवटी जाते कुठे. वास संपला की लोक वाटी गरम पाण्याखाली धरतात. मेण नळीत जाऊन थिजतं ते वेगळंच, पण चमकीचे तुकडे सरळ गटारात आणि पुढे नदीत जातात. 5 मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिक म्हणजे मायक्रोप्लास्टिक, आणि चमकी तर जन्मापासूनच तशी आहे. युरोपियन युनियनने 17 ऑक्टोबर 2023 पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणली. जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडमध्ये राहून घरी मेल्ट करणाऱ्या मराठी मैत्रिणींसाठी हा पर्याय त्यामुळे जवळपास मिटलाच आहे. आपल्याकडे 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत सजावटीचं थर्मोकॉल आहे, चमकी नाही. म्हणजे कायदा अडवत नाही, ठरवायचं आपण.

सेल्युलोजची चमकी

लाकडाच्या लगद्यापासून, बहुतेकदा निलगिरीच्या, केलेली फिल्म. तिच्यावरही चमक येण्यासाठी सहसा अॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो. पाण्यातल्या उत्पादनांत ती कालांतराने मऊ पडते, पण मेणात पाणीच नसल्यामुळे मेल्टमध्ये टिकते. लखलखाट पॉलिएस्टरपेक्षा थोडा कमी, किंमत बरीच जास्त. वाटीत मात्र वागणूक तीच: बुडते, तळाशी बसते.

नावात ‘बायो’ आहे म्हणून ती बेफिकीरपणे सिंकमध्ये सोडावी असं मात्र नाही. इंग्लंडमधल्या अँग्लिया रस्किन विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात गोड्या पाण्यातल्या डकवीड या वनस्पतीच्या मुळांवर नेहमीच्या चमकीसारखाच सेल्युलोजच्या चमकीचाही परिणाम दिसला. काही जुन्या प्रकारांवर प्लास्टिकचा पातळ लेपही असतो. ज्यांना ठळक, तुकड्या-तुकड्यांची चमकच हवी आहे, त्यांनी तिन्हींतली ही घ्यावी असं मी म्हणेन. पण कमी घ्यावी आणि फक्त वरून लावावी.

मायका

माझी पसंती इथे आहे, आणि ती नुसती पर्यावरणासाठी नाही. साच्यातल्या मेल्टचं सौंदर्य त्याच्या कोरीवकामात असतं. चमकीचे तुकडे त्या कोरीवकामावर बसले की रेषा झाकल्या जातात. मायका त्याच रेषा उठवते.

मायका घेताना एक गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतात. सोनेरी मायका दोन प्रकारची असते. एका प्रकारात अभ्रकावर लोह ऑक्साइडचा लेप असतो. ती स्वतःच सोनेरी असते आणि पांढऱ्या मेणावरही सोनेरीच दिसते. दुसऱ्या प्रकारात फक्त टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ लेप असतो, आणि त्याच्या जाडीवरून परतणाऱ्या प्रकाशाला सोनेरी, निळी किंवा गुलाबी झाक येते. ही डबीत पांढरीच दिसते. पांढऱ्या मेल्टवर लावली तर तिचा रंग जवळपास उमटत नाही, आणि जांभळ्या किंवा काळपट मेल्टवर लावली तर डोळे दिपतात. रंगवलेल्या मेणासाठी दुसरी, साध्या मेणासाठी पहिली.

मायकालाही काळी बाजू आहे आणि ती लपवून ठेवणं बरोबर नाही. झारखंडमधल्या कोडरमा, गिरिडीह आणि लगतच्या बिहारमधल्या पट्ट्यात अभ्रक वेचणाऱ्यांमध्ये लहान मुलं असल्याचं अनेक वर्षांपासून पुन्हापुन्हा उघड झालेलं आहे. प्रयोगशाळेत बनवलेली कृत्रिम मायका थोडी महाग पडते, पण ती जास्त स्वच्छ पांढरी आणि जास्त चमकदार असते, आणि तिच्यामागे कुणाचं बालपण खर्ची पडत नाही. मेल्टला लागते किती? चिमूटभर. तेवढ्यासाठी हा जास्तीचा खर्च करायला हरकत नसावी.

पावडर अतिशय बारीक असते, तेव्हा ब्रश फिरवताना नाकावर मास्क आणि पंखा बंद.

कुठे लावायची

इथे साच्यातला मेल्ट आणि झाकणाच्या पारदर्शक डबीत ओतलेला मेल्ट यांत फरक आहे. डबीत वरची बाजू दर्शनी असते, म्हणून मेणाने जरा साय धरली की वरून भुरभुरलेलं छान दिसतं. साच्यात दर्शनी बाजू तळाला असते. ओतल्यावर वरून भुरभुरलेली चमक मेल्टच्या पाठीवर जाते, म्हणजे कुणालाच न दिसणाऱ्या जागी.

मेणात ढवळून घालण्याची पद्धत सोपी वाटते पण सर्वांत कमी देते. गरम, पातळ मेणात तुकडे थेट साच्याच्या तळाशी जमतात. मेण धूसर, थोडं दाट होईपर्यंत थांबलात तर ते पसरून राहतात, पण मग साच्याच्या बारीक कोपऱ्यांत मेण नीट शिरत नाही आणि कडा खडबडीत येतात. आतली चमक तर अपारदर्शक सोया वॅक्समधून दिसतही नाही. मायका ढवळायची असेल तर ती वितळल्यावरच्या त्या रेशमी पट्ट्यांसाठी, आणि 500 ग्रॅम मेणाला पाव चमचा पुरे.

साच्यात आधी लावणं हे मायकासाठी उत्तम. कोरड्या, स्वच्छ सिलिकॉनच्या साच्यात मऊ ब्रशने मायका फिरवा, साचा उलटा करून झटका, मग मेण ओता. पावडर मेणाच्या पृष्ठभागातच बसते, हाताला लागत नाही, चोळली तरी निघत नाही. पाकिटातून, टपालाने जायचे मेल्ट असतील तर हीच पद्धत. चमकीने हे करू नये. ती साच्याला चिकटून बसते आणि पुढच्या खेपेच्या साध्या मेल्टवरही उगवते. चिकटपट्टीने टिपून काढावी लागते, आणि तरी चारदोन तुकडे राहतातच.

मेल्ट तयार झाल्यावर वरून ब्रश फिरवला तर फक्त उंचवटे चमकतात. कमळाच्या साच्यावर हे बघण्यासारखं असतं: पाकळ्यांच्या कडा सोनेरी, खोलगट भाग तसाच फिका, आणि एरवी न दिसणारी प्रत्येक शीर मोजता येईल इतकी स्पष्ट. ही मायका पकडून ठेवायला काही नसतं, ती बोटांना आणि पाकिटाच्या आतल्या बाजूला लागते. घरी वापरायला किंवा हातोहात द्यायला ठीक.

कुणासाठी करता आहात

स्वतःच्या घरासाठी असेल आणि वाटी तुम्हीच पुसणार असाल, तर सेल्युलोजची चमकीही वापरून बघा. मेण अजून पातळ असताना कापसाच्या बोळ्याने टिपून घ्यायचं आणि बोळा सुक्या कचऱ्यात टाकायचा, एवढं पाळलं की झालं. विकायला किंवा भेट द्यायला करत असाल, तर समोरचा काय करेल ते तुमच्या हातात नाही. तिथे साच्यात लावलेली मायका, आणि पाकिटावर ‘वितळलेलं मेण सिंकमध्ये ओतू नये’ अशी एक ओळ.

मोदकाच्या साच्याबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. गणपतीत मोदकाच्या, पेढ्याच्या आकाराचे, केशराच्या वासाचे मेल्ट फार गोंडस दिसतात. त्यावर सोनेरी चमक आली की ते मिठाईच्या दुकानातल्या वर्ख लावलेल्या मोदकापासून वेगळे ओळखूच येत नाहीत. घरात लहान मूल किंवा नजर कमी झालेले आजी-आजोबा असतील तर हा धोका खरा आहे. ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या वस्तूंविरुद्ध 1989 पासून स्वतंत्र नियम आहेत ते याचसाठी. अशा आकारांना चमक देऊच नका; द्यायचीच असेल तर निळी किंवा हिरवी द्या, खाऊला नसते अशी.

आणि दिवाळी सोडून एप्रिल-मेमध्ये करत असाल, तर विदर्भ-मराठवाड्यात वरून लावलेल्या चमकीचा विचार सोडा. डबीत ओतायचं मऊ सोया वॅक्स 50 अंशांच्या आसपासच वितळतं. बंद गाडीत किंवा कुरिअरच्या गोदामात ते घामेजतं आणि चमक पाकिटाला चिकटून निघून येते. त्या दिवसांत साच्यासाठीचं कडक सोया वॅक्स घ्या, मायका साच्यातच लावा, आणि पाकीट बांधण्याआधी मेल्ट रात्रभर पूर्ण थंड होऊ द्या.