३० लिटरचा नायट्रोजन ड्यूअर: घ्या, पण तो एक आकडा समजून घ्या

पेशींचे नमुने जपून ठेवणं हे माझं काम, त्यामुळे द्रवरूप नायट्रोजनच्या या ॲल्युमिनियमच्या भांड्याशी रोजचा संबंध येतो. भांडं उत्तम आहे. फक्त माहितीपत्रकावरचा एक आकडा फसवा वाटू शकतो.

नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. खोलीतल्या साध्या उबेनेही तो उडून जातो. ती ऊब आत शिरू नये म्हणून दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी ठेवायची, ही जेम्स ड्यूअर यांची १८९२ सालची युक्ती आजही कायम आहे. मान काचतंतूंची आणि अरुंद. कॅनिस्टर, म्हणजे नमुने ठेवायचे दांडीवाले डबे, काढताना हात अवघडतो खरा, पण रुंद मानेतून नायट्रोजन कितीतरी जास्त उडाला असता.

आता तो आकडा. ‘एकदा भरलं की इतके दिवस पुरेल’ हे गणित झाकण न उघडता, भांडं न हलवता केलेलं असतं. रोज नमुने काढणाऱ्यांनी त्यातले बरेच दिवस वजा धरावेत. मी भांडं वजनकाट्यावरच ठेवतो. एक लिटर द्रव म्हणजे साधारण ८०० ग्रॅम, त्यामुळे किती उडालं ते झाकण न काढता समजतं. रोजची घट एकाएकी वाढली किंवा बाहेरच्या भिंतीवर दंव धरू लागलं, तर निर्वात गेलं असं समजा आणि नमुने ताबडतोब दुसऱ्या भांड्यात हलवा. या भांड्याने अजून तशी वेळ आणलेली नाही.

बूच सैल बसतं अशी तक्रार ऐकू येते. ते सैलच हवं! एका लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. कोंडला तर भांडं फुटेल. हाच वायू बंद खोलीतला ऑक्सिजन बाजूला सारतो. त्याला ना वास ना रंग, गुदमरतोय हे माणसाला कळतही नाही. म्हणून कळकळीने सांगतो, खेळती हवा आणि ऑक्सिजन मॉनिटर नसलेल्या खोलीत हे भांडं ठेवू नका. लिफ्टने न्यायचं असेल तर भांडं एकटंच जाऊ द्या. हातमोजे सैल घ्या, आत थेंब गेला तर झटकन काढता येतात.

एवढा खटाटोप कशाला, उणे ८०चा फ्रीझर आहे की, असं नवे सहकारी म्हणतात. काही आठवड्यांसाठी तो चालेलही. पण वर्षानुवर्षं ठेवायच्या पेशी तिथे हळूहळू खराब होत राहतात. उणे १३०च्या बरंच खाली गेल्यावरच त्यांच्यातली रासायनिक घडामोड जवळजवळ थांबते.

कंपनीला एकच विनंती: कॅनिस्टरच्या दांड्यांवरचे क्रमांक कोरून द्या. चिकटवलेले दंवाने सुटून येतात.